मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन: आकडा दर वेळी वेगळा का येतो?

कांदा तोच, बरणी तीच, रंजकाची बाटलीही तीच. सोमवारी शंभरातल्या नऊ पेशी विभाजनात सापडतात आणि गुरुवारी जेमतेम चार. कधी तर अख्ख्या स्लाईडवर एक गुणसूत्र दिसत नाही, नुसती गोल गोल केंद्रकं. मग सूक्ष्मदर्शकाला दोष दिला जातो, नाहीतर कांदाच वाईट म्हणून प्रयोग गुंडाळला जातो. मुळाच्या टोकाचा मायटोटिक इंडेक्स मोजणाऱ्यांची ही तक्रार फिरून फिरून येते. हा प्रयोग मी बरीच वर्षं करते आहे, शिकवतेही आहे. माझं मत आता पक्कं झालंय: सूक्ष्मदर्शकाचा दोष फार क्वचित असतो. आकडा बहुतेक वेळा मूळ कापल्यापासून ते फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशींना आहे त्या स्थितीत थांबवणाऱ्या द्रवात, पडेपर्यंतच्या वेळात बिघडतो, आणि त्यातून वाचलाच तर कोणत्या पेशीला आपण ‘विभाजन चालू’ म्हणतो तिथे बिघडतो.

इंडेक्स म्हणजे साधा भागाकार. विभाजनात असलेल्या पेशी भागिले मोजलेल्या सगळ्या पेशी, गुणिले शंभर. पण वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे हलवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, म्हणून आधी आपली तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. विभाजन दिसतच नाही, ही एक. पेशी दिसतात पण त्यातलं काही कळत नाही, ही दुसरी. सगळं छान दिसतं पण आकडे जुळत नाहीत, ही तिसरी. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

विभाजन दिसतच नसेल तर

४०च्या ऑब्जेक्टिव्हवर जायची घाई करू नका. आधी १०च्या खाली पेशींचा आकार बघा. विभाजी ऊतीतल्या पेशी लहान, साधारण चौकोनी आणि एकमेकींना खेटून असतात. पेशीद्रव्य दाट असतं आणि केंद्रक इतकं मोठं की पेशीचा बराचसा भाग त्यानेच व्यापलेला असतो. तुमच्यासमोर लांबट, विटेसारख्या पेशी असतील, मध्ये मोठी रिक्तिका आणि केंद्रक कडेला सरकलेलं, तर तुम्ही मुळाचा चुकीचा भाग घेतला आहे. तो लांब होण्याचा पट्टा. तिथल्या पेशी फक्त वाढतात, विभागत नाहीत. अशा स्लाईडवर तासभर शोधलं तरी हाताला काही लागणार नाही.

कांद्याच्या मुळात विभाजन चालतं ते टोकाकडच्या पहिल्या एक-दोन मिलिमीटरांत. रंगवल्यावर हा भाग नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो: टोक गडद, मागचं मूळ फिकट. डीएनए रंगवणाऱ्या फॉयल्गेन पद्धतीने रंगवलं तर हा फरक इतका ठळक होतो की चूक व्हायचं कारणच उरत नाही. गडद भाग ठेवायचा आणि बाकीचं ब्लेडने कापून बाजूला करायचं. अगदी टोकाला मूलटोपी असते. तिच्या बाहेरच्या पेशी मोठ्या, सैल आणि गळून पडणाऱ्या, त्या मोजणीत धरायच्या नाहीत. तिच्या लगेच मागे फार क्वचित विभागणाऱ्या पेशींचा एक शांत पुंजका असतो, तो वनस्पतिशास्त्रज्ञ क्लाउज यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिला. म्हणजे टोकाच्याही टोकाला इंडेक्स कमी, थोडं मागे सर्वात जास्त आणि आणखी मागे शून्याकडे. दोघांनी एकाच मुळाचे वेगवेगळे तुकडे मोजले तर दोघांचेही आकडे खरे आणि तरी एकमेकांपासून लांब, असं सहज होतं.

भाग बरोबर आहे आणि तरीही विभाजन नाही, तर मूळ वाढतंय का ते तपासा. मोजपट्टी घ्या, आज लांबी लिहा, उद्या परत मोजा. थांबलेल्या मुळात विभाजन शोधण्यात अर्थ नाही. मुळं एक ते तीन सेंटीमीटरची असताना घ्यावीत. पाणी रोज बदलावं, कारण साचलेल्या पाण्यात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडं ठेवावं. कांद्याची जुनी वाळलेली मुळं खरवडताना खालची चकती खोल कापली गेली, तर नवी मुळं फुटायची जागाच जाते.

एक कारण मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतं. साठवणुकीत कोंब फुटू नयेत म्हणून कांद्यावर कधीकधी प्रक्रिया केलेली असते. शेतात मॅलेइक हायड्राझाइड फवारलेलं असतं किंवा नंतर गॅमा किरणांचा मारा केलेला असतो. दोन्ही उपाय पेशीविभाजन थांबवूनच कोंब रोखतात! असा कांदा दिसायला टणक आणि सुंदर असतो, पण आपल्या कामाला निरुपयोगी. बाहेरून बघून हे कळत नाही. दोन-तीन दिवसांत मुळं नीट फुटली नाहीत किंवा फुटून अर्ध्या सेंटीमीटरवर अडली, तर कांदे बदला, नाहीतर सरळ कांद्याच्या बिया पेट्री डिशमध्ये ओल्या टिपकागदावर रुजत घाला. लसणाची पाकळीही चालते. तिच्यातही कांद्यासारखीच १६ गुणसूत्रं असतात. फाबा बीनमध्ये १२च असतात आणि चांगली मोठी, त्यामुळे नवशिक्यांचे डोळे तयार करायला ते उत्तम.

कापणं आणि फिक्स करणं

या टप्प्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथली चूक स्लाईडवर दिसत नाही. स्लाईड देखणी येते आणि आकडा चुकलेला असतो.

एका वर्षी प्रात्यक्षिकाला सहा टेबलं होती. सगळी मुळं एकदमच कापून एका डिशमध्ये पाण्यात ठेवायचो आणि एकेका टेबलापाशी जाऊन, समजावून सांगत, फिक्सेटिव्हच्या कुप्या द्यायचो. शेवटच्या टेबलापर्यंत पोचायला तासाच्या वर वेळ जायचा. त्या टेबलाचा इंडेक्स दर आठवड्याला सर्वात कमी. मुलांना मी परत मोजायला लावलं, सूक्ष्मदर्शक बदलून दिला, पुढच्या वेळी वाटप उलट्या बाजूने सुरू केलं. तेव्हा पहिल्या टेबलाचा आकडा पडला, कारण आता तेच शेवटी येत होतं.

उलगडा झाला तो विभाजनाच्या अवस्थांच्या तक्त्यावरून. त्या क्रमाने अशा: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. शेवटच्या टेबलाच्या कागदांवर अंत्यावस्था होत्या, थोड्या पश्चावस्थाही होत्या. पूर्वावस्थेचा रकाना जवळजवळ रिकामा होता. एरवी पूर्वावस्था सर्वात जास्त सापडायला हवी, कारण ती सर्वात लांब चालते. झालं होतं असं, की मूळ कापल्याबरोबर नव्या पेशींनी विभाजनात शिरणं थांबवलं, पण ज्या आधीच शिरल्या होत्या त्या आपलं काम पुरं करत राहिल्या. दार बंद, आतली माणसं मात्र बाहेर पडतायत, अशी स्थिती. तासाभरात पूर्वावस्था रिकामी झाली. मुलांनी मोजलेलं अगदी अचूक होतं. चुकलं होतं माझं वाटप. माझ्यामुळे त्यांना तीन आठवडे उगाच परत मोजावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर एकच नियम केला. कात्री चालवायची तीच फिक्सेटिव्हच्या कुपीवर, मूळ थेट आत पडलं पाहिजे. मधे पाणी नाही, डिश नाही, ओला कापूस नाही. टोकाकडचा सेंटीमीटरभर तुकडा पुरतो. फिक्सेटिव्ह म्हणजे तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, आणि ते त्याच दिवशी बनवलेलं हवं. ठेवून दिलं तर दोघांची आपसात अभिक्रिया होऊन इथाइल ॲसिटेट तयार होतं आणि मिश्रणाचा जोर कमी होतो. गेल्या सत्रातली अर्धी बाटली वाचवायचा मोह होतो, पण ती खरंच टाकून द्या. कुपीत मुळांच्या मानाने द्रव भरपूर असू द्या, कारण मुळांतलं पाणी मिसळून तो पातळ होतो. वाफा झोंबतात, तेव्हा हे काम फ्यूम हूडखाली किंवा निदान खिडकीपाशी, हातमोजे घालून करा.

आणि वेळ ठरवून घ्या. रोज सकाळी दहा तर रोज सकाळी दहाच. विश्रांतीतून उठलेल्या कांद्याच्या पहिल्या मुळांत बऱ्याच पेशी जवळजवळ एकाच सुमाराला विभाजनाचं चक्र सुरू करतात, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत विभाजनाच्या लाटा येतात. एक दिवस लाट आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी अशी पकडली, तर आकडे दुप्पट-निमपट होणारच.

पेशी दिसतात, पण कळत काही नाही

पेशींचे गठ्ठे दिसतायत, एकावर एक थर आहेत, तर आम्लाचा टप्पा अपुरा झाला. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ६०° सेल्सिअसला पाच ते दहा मिनिटं दिलं की पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल होतं. इथे नेहमीची फसगत अशी की गरम पाण्याच्या बाथचा तापमापक ६० दाखवतो, पण आपण थंड आम्लाची नळी आत्ताच आत सोडलेली असते. ते आम्ल गरम व्हायलाच काही मिनिटं जातात आणि घड्याळ आपण आधीच लावलेलं असतं. नळ्या मुळांशिवाय, नुसत्या आम्लासह आधी गरम करा, मग मुळं टाका, मग घड्याळ लावा. उलट मूळ चिमट्यात धरताच लगद्यासारखं होत असेल आणि रंगही फिका येत असेल, तर आम्ल जास्त झालं. फॉयल्गेन करणाऱ्यांनी यात विशेष काटेकोर राहावं. तिथे आम्ल डीएनएतले प्युरिन काढून अल्डिहाइड गट मोकळे करतं आणि शिफ अभिकारक त्यांनाच धरतो. कमी वेळ दिला तर गट मोकळेच होत नाहीत, जास्त दिला तर डीएनएच निघून जातो. दोन्हीकडे रंग फिकाच, म्हणून नुसत्या फिकेपणावरून निदान होत नाही. पाच, आठ आणि बारा मिनिटांच्या तीन स्लाईड्स करून बघा, आपल्या बाथचं उत्तर त्यातून मिळतं.

ॲसिटो-ऑर्सिन रंजकात काळे-तांबडे कण दिसत असतील तर गाळून घ्या. ते कण नवख्या डोळ्याला गुणसूत्रासारखे वाटतात. ॲसिटोकार्माइन फिकं पडत असेल तर लोखंडी सुईने त्या थेंबातच मूळ कुस्करा, लोहाच्या अंशाने रंग खुलतो.

आता दाबणं. रंजकाच्या थेंबात टोक ठेवा, कव्हरस्लिप एका कडेने हळूच सोडा. पेन्सिलीच्या मागच्या बाजूने तिच्यावर टकटक करा, अगदी हलक्या हाताने, टोकाच्या बरोबर वर. गडद ठिपका ढगासारखा पसरायला लागतो. पसरणं थांबलं की घडी घातलेला टिपकागद वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा फिरला, घसरला किंवा कव्हरस्लिप केसभर सरकली, तर पेशी सुरळीसारख्या गुंडाळल्या जातात. अशी गुंडाळलेली पेशी मोजता येत नाही आणि ती मुद्दाम सोडून द्यावी लागते. फार जोर लावला तर पेशी फुटून गुणसूत्रं सैरावैरा होतात. गुणसूत्रांची संख्या मोजायला ते चालतं, इंडेक्सला चालत नाही, कारण पेशीची हद्दच उरली नाही तर पश्चावस्थेतली एक पेशी दोन वाटू शकते. एक थर, पण पेशी अखंड, इतकाच दाब हवा.

सगळं छान दिसतं, आकडे जुळत नाहीत

एकच स्लाईड दोघांना द्या, एकमेकांचा आकडा न सांगता. फरक निघेल आणि तो जवळजवळ सगळा पूर्वावस्थेत असेल. मध्यावस्थेबद्दल कुणी भांडत नाही, ती मधोमध रांगेत उभी असते. सुरुवातीची पूर्वावस्था मात्र हळूहळू येते. केंद्रक थोडं मोठं होतं, कणीदार दिसतं, मग त्यात लोकरीच्या गुंड्यासारखे धागे उमटतात. यात रेघ कुठे मारायची? माझी रेघ अशी: बारीक फोकस मागेपुढे केल्यावर एखादा धागा वेगळा धरून थोडं अंतर डोळ्यांनी जाता आलं, तर पूर्वावस्था. नुसतं कणीदार असेल तर विभाजन नाही. तुमची रेघ वेगळी असू शकते, पण ती लिहून ठेवा, तिचे दोन-तीन फोटो सूक्ष्मदर्शकाशेजारी चिकटवा आणि मोजणी चालू असताना ती मधेच बदलू नका. शंकास्पद पेशींचा रकाना वेगळा ठेवा. तो रकाना फुगत चालला तर मोजणाऱ्याला दोष देऊ नका, स्लाईडचा रंग सुधारा.

अंत्यावस्थेचाही नियम हवा. दोन केंद्रकांमध्ये नवी भिंत अजून पूर्ण नाही तोवर ती एक पेशी, विभाजनात. भिंत आरपार गेली आणि केंद्रकं सैल, गोलसर झाली की त्या दोन वेगळ्या पेशी, विभाजनाबाहेर. हा नियम नसेल तर एकच दृश्य एक जण वरच्या आकड्यात घालतो आणि दुसरा खालच्या आकड्यात दोनदा.

आणि नजर. सुंदर पश्चावस्था दिसली की हात स्टेज तिकडेच फिरवतो. हे सगळ्यांचं होतं, माझंही होतं. म्हणून नांगराच्या तासासारखं जा: ढगाच्या एका कडेपासून सुरू करून सरळ दुसऱ्या कडेपर्यंत, मग एक दृष्टिक्षेत्र खाली उतरून परत उलट. वाटेत जे येईल ते सगळं मोजायचं. कडेवर अर्ध्या कापलेल्या पेशींसाठीही ठरवून ठेवा, डाव्या आणि वरच्या कडेवरच्या धरायच्या, उजव्या आणि खालच्या सोडायच्या. स्लाईड्सवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाका आणि क्रमांक दुसऱ्याच कुणाला लावायला सांगा. ‘ही औषध दिलेली’ हे माहीत असलं की शंकास्पद पेशी हव्या त्या रकान्यात जायला लागतात, आपल्याला कळतही नाही.

किती पेशी मोजायच्या, हे बहुतेक जण सवयीने ठरवतात. हिशोब करून बघा. खरा इंडेक्स ८ टक्के आहे आणि तुम्ही २०० पेशी मोजल्या, तर प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) १.९ टक्के येते, आणि पट्टा दोन्ही बाजूंना तिच्या साधारण दुप्पट धरतात. म्हणजे निव्वळ योगायोगाने उत्तर ४ ते १२च्या दरम्यान कुठेही येऊ शकतं. सोमवारचे नऊ आणि गुरुवारचे चार यांचं गूढ कित्येकदा एवढंच असतं! १००० पेशी मोजल्या तर त्रुटी ०.८६ टक्क्यावर उतरते आणि पट्टा साधारण ६.३ ते ९.७ होतो. प्रत्यक्षात परिस्थिती याहून थोडी अवघड असते. मुळातल्या शेजारी पेशी बऱ्याचदा बहिणी असतात, एकाच विभाजनातून जन्मलेल्या, आणि पुढचं विभाजनही आगेमागेच करतात. त्यामुळे एकाच मुळातल्या हजार पेशी म्हणजे हजार स्वतंत्र साक्षी नव्हेत. एका मुळाच्या २५०० पेशींपेक्षा पाच मुळांच्या प्रत्येकी ५०० केव्हाही बऱ्या, आणि ती पाच मुळंही शक्य तर वेगवेगळ्या कांद्यांची. तुलना करताना प्रत्येक मुळाचा इंडेक्स वेगळा लिहा, सगळ्या पेशी एका ढिगात घालू नका.

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

इंडेक्स वाढला म्हणजे विभाजन वाढलं, असं नेहमी नसतं. संशोधक लेवान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिन या रसायनाचा परिणाम दाखवला. ते गुणसूत्रांना ओढणारे तर्कुतंतू बनू देत नाही, पेशी विभाजनात शिरतात आणि मध्यावस्थेसारख्या स्थितीत अडकून पडतात. इंडेक्स चढतो आणि विभाजन मात्र पुरं होतच नाही. म्हणून गुणसूत्रं मोजण्यासाठी कोल्चिसिन किंवा ८-हायड्रॉक्सीक्विनोलिन दिलेल्या मुळांवर इंडेक्स काढू नका. कोल्चिसिन विषारी आहे, हे वेगळं सांगायला हवंच. हे दिलेलं नसतानाही मध्यावस्थांचा ढीग दिसला तर दोन शंका घ्या: त्याच चिमट्याने किंवा त्याच कुप्यांत आधी कोल्चिसिन हाताळलं होतं का, आणि जिवंत मुळं फ्रिजमध्ये ठेवली होती का. बर्फगार पाण्यानेही तर्कुतंतू मोडतात.

तापमानाचंही तसंच. थंड खोलीत चक्र लांबतं, पण सगळ्या अवस्था जवळपास एकाच प्रमाणात लांबल्या तर भागाकार तोच येतो. मूळ हळू वाढत असतं आणि इंडेक्स जागचा हलत नाही. वेगाबद्दल बोलायचं असेल तर मुळाची लांबीही रोज मोजा, आणि इंडेक्सबरोबर चारही अवस्थांचे रकाने कायम द्या. मला शेवटच्या टेबलाचं कोडं त्या रकान्यांनीच सोडवून दिलं होतं. एकूण आकड्याकडे बघत बसले असते तर आजही मुलांनाच परत मोजायला लावत राहिले असते.

फिक्स केलेली उरलेली मुळं एका दिवसाने ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवून ४° सेल्सिअसला ठेवा. आकडा संशयास्पद आला तर त्याच खेपेतून दुसरी स्लाईड करता येते, आणि चूक मोजणीत होती की त्याआधी, ते तिथेच कळतं. कुपीत टाकायच्या चिठ्ठीवर तारीख आणि कापल्याची वेळ पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि आठवड्याने हातात कोरा कागद येतो.